हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) घरचा लोड सोलर आणि ग्रिडमध्ये, म्हणजे महावितरणच्या लाइनमध्ये, कसा वाटतो? सोलर १ किलोवॅट आणि लोड दीड किलोवॅट असेल तर सगळंच महावितरणवर जातं का?

इन्व्हर्टर कुठल्या जातीचा आहे, त्यावर ठरतं.

खरा हायब्रिड ग्रिडला समांतर चालतो. ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या लहरीशी आपली लहर जुळवून तो सोलरचा १ किलोवॅट आत ढकलतो. उरलेले ५०० वॅट ग्रिडमधून आपोआप येतात. हा पंखा सोलरवर, तो फ्रिज ग्रिडवर असं काही नसतं. टाकी एकच, नळ दोन. मीटरजवळच्या वायरला चिमट्यासारखा सीटी सेन्सर (करंट मोजणारा) असतो, त्यावरून इन्व्हर्टरला ग्रिडमधून किती वीज आत येतेय ते कळतं.

'हायब्रिड' म्हणून खपवले जाणारे काही स्वस्त इन्व्हर्टर मात्र आतल्या रिलेने (आपोआप पडणाऱ्या स्विचने) अख्खा लोड इकडून तिकडे फेकतात. आमच्या सिडकोतल्या घरी पहिला असलाच होता. श्रावणात ढग आला की टक्, ऊन पडलं की परत टक्! आई वैतागून म्हणायची, घरात पाल आहे का काय.

ओळखायचं कसं? दुपारी बॅटरी पूर्ण भरलेली असताना सोलरपेक्षा मोठा लोड लावा, उदाहरणार्थ २ किलोवॅटचा गीझर. स्क्रीनवर सोलरचे वॅट टिकून राहिले आणि फक्त फरक ग्रिडमधून आला, तर वाटणी खरी. सोलरचा आकडा शून्याजवळ कोसळला, तर रिलेवालाच.

लाइट गेली की खरा हायब्रिडही ग्रिडपासून तुटतो, खांबावर काम करणाऱ्या वायरमनसाठी ते आवश्यकच आहे. तेव्हा फक्त बॅकअप आउटपुट, म्हणजे लाइट गेल्यावरही चालणारी इन्व्हर्टरची वेगळी लाइन, चालू राहतं. तिथे गीझर कायमचा जोडू नका.