'चेंज'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी-स्पॅनिश शब्दांच्या एका यादीत 'चेंज' या शब्दापुढे 'कांबियो' दिलं आहे. मग 'सुट्टे आहेत का?' आणि 'उरलेले पैसे परत द्या' या दोन्हीकडे कांबियोच म्हणायचं का?

म्हटलंत तर समोरच्याला कळेल. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या यादीतला इंग्रजी रकाना झाका आणि तिथे मराठी शब्द लिहा.

परवा मंडईत भाजीचे पंचावन्न रुपये झाले. मी शंभराची नोट पुढे केली, तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, वरचे पाच सुट्टे द्या, म्हणजे मी तुम्हाला पन्नास परत देते." इंग्रजीत हे सुट्टेही चेंज आणि ते परत आलेले पन्नासही चेंजच. स्पेनमधला दुकानदार मात्र मावशींसारखाच दोन शब्द वापरेल. सुट्ट्या नाण्यांना तो 'स्वेल्तो' म्हणतो. मूळ क्रियापद 'सोल्तार', म्हणजे सोडणं, मोकळं करणं. आपलं 'सुट्टे'सुद्धा 'सुटणे'वरूनच आलेलं. परत मिळालेले पैसे म्हणजे 'ला ब्वेल्ता', मूळ 'बोल्बेर', परत येणं. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हेच 'एल ब्वेल्तो' होतं. दोन भाषांनी इतक्या लांब राहून नाण्यांकडे एकाच नजरेनं पाहावं, याचा मला फार आनंद होतो.

मग कांबियो कुठे? त्याचा अर्थ 'बदल'. नोट मोडून घ्यायची असेल तिथे तो अगदी चपखल बसतो, आपल्या 'मोड'सारखा. शिवाय रोजच्या बोलण्यात तो सुट्टे आणि परतीचे पैसे या दोन्हींसाठीही चालतो, म्हणून यादी चूक नाही, अपुरी आहे. मेक्सिकोत बोलीभाषेत चिल्लरीला 'फेरिया' म्हणतात, पेरूमध्ये 'सेन्सियो'. तिकडे जाणार असाल तर हे आधी टिपून ठेवा.

याच यादीत 'हाऊ मच'पुढे 'क्वांतो' असेल. बरोबरच आहे. पण रोज वरखाली होणाऱ्या भावासाठी बाजारात विचारतात, "आ कोमो एस्तान लोस तोमातेस?" यातल्या 'कोमो'चा अर्थ 'कसे'. म्हणजे थेट आपलं "टोमॅटो कसे दिले?" इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा 'कसे' पाठ करावा लागतो, मंडईत वाढलेल्याला तो आयता मिळतो.

'शॉपिंग'चंही तेच. घरातला भाजी-किराणा आणायला जाणं म्हणजे स्पेनमध्ये 'आथेर ला कोंप्रा'. कपडे, चपला, भेटवस्तू बघत हिंडणं म्हणजे 'ईर दे कोंप्रास'. आपणही भाजी आणायला जातो तेव्हा 'खरेदीला चालले' म्हणत नाही. ते लक्ष्मी रोडला साड्या घ्यायला निघाल्यावर म्हणतो.

आणि साइझ? कपड्यांची 'ताया', पण चपलांचा 'नूमेरो'. तुळशीबागेत चप्पल घेताना "नंबर किती?" असंच विचारतात ना, तसंच.