"आईची गरज पडली नाही"

पत्र फोंड्याहून आलंय. लिहिणाऱ्या ताई चोपन्न वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून कापून देते:

"माझं माहेर डिचोली तालुक्यात. जुनं घर, मागं सुपारीच्या बागेचं कुळागर, रस्त्याला लागून थोडी मोकळी जागा. बाबा २०१८ साली गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्ही तिघं भावंडं. दादा घरात राहतो, धाकटा बोटीवर असतो. दादानं कुणाला न विचारता पुढची ओसरी पाडून स्लॅब घातला, सुपारीचं उत्पन्न सगळं तोच खातो. शेवटी मीच कोर्टात इन्व्हेंटरी घातली, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा. पाच वर्षं तारखाच चालल्या आहेत. आता न्यायाधीशांनी मीडिएशनला पाठवलं, म्हणजे मध्यस्थापुढं बसून आपसात मिटवायला. पहिली बैठक दोन तास चालली. दादा म्हणाला, पैसे घे, कुळागर मिळणार नाही. मी उठून आले. (आई ८२ वर्षांची, दोन वर्षं माझ्याकडेच असते. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून सोबत नेलं होतं. ती बाहेर बाकावर बसली. तिची पॉवर ऑफ ॲटर्नी माझ्या नावे आहे, त्यामुळे तिची गरज पडली नाही.) वकील म्हणतात मीडिएशन म्हणजे टाइमपास. मैत्रीण म्हणते, पुन्हा एकदा जा. मी काय करू?

ता. क. सगळं बिघडवते ती वहिनी. पुढच्या वेळी तिला आत येऊ द्यायचं का?"

ताई,

स्लॅबवर तुम्ही जवळजवळ एक पान खर्ची घातलंय. सुपारीचा भाव कुठल्या वर्षी काय होता तेही दिलंय. आई आली ती कंसात.

दोन तास, ताई. ८२ वर्षांची बाई, दुखरे गुडघे, कोर्टाच्या व्हरांड्यातलं बाक. समोरून काळे कोट, फायली, पोलीस, कुणाकुणाचे नातेवाईक जातायत. तिला पाणी कुणी दिलं? बाथरूमला जायचं झालं तर कुठं जायचं, ते तिला माहीत होतं का? दार उघडून तुम्ही तणतणत बाहेर आलात तेव्हा ती काही बोलली का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तिला विचारलंही नसावं बहुतेक.

आणि दाराच्या आत काय चाललं होतं, तर तिच्या घराची वाटणी.

"तिच्या" घराची, हे मी गहिवरून म्हणत नाही. आपण गोव्यात राहतो. पोर्तुगीज १९६१ साली गेले, त्यांचा १८६७ चा नागरी कायदा मागं राहिला, आणि त्यातला एक नियम गोवेकरांच्या घरांना लागू आहे, मग देव्हाऱ्यात कुणीही असो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवऱ्याचं आणि बायकोचं जे असेल ते दोघांचं, अर्धं अर्धं. तुमच्या आईबाबांच्या लग्नात असला करार कुणी केला असेल, असं मला तरी वाटत नाही. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी वारसांकडे आलं ते फक्त बाबांचं अर्धं. उरलेलं अर्धं आईचं. ते तिला बाबांकडून मिळालेलं नाही, ते आधीपासून तिचंच होतं. घर, कुळागर, रस्त्याकडची जागा, सगळ्यात. तुम्हा तिघांना बाबांच्या अर्ध्यातला तिसरा भाग, म्हणजे सगळ्याचा सहावा. या भांडणात तीन सहावे हिस्सेदार आत बसून ओरडत होते आणि निम्म्याची मालकीण बाहेर बाकावर.

हे तुमच्या वकिलांना ठाऊक नसेल असं होणारच नाही. इन्व्हेंटरीच्या कागदांत तिचं नाव असेलच. ते कागद इंग्रजीत आहेत. पाच वर्षांत त्यातलं एखादं पान कुणी तिला वाचून दाखवलं का?

आता त्या पॉवरबद्दल. ती बहुधा बँकेसाठी केली असेल, किंवा पेन्शनसाठी, किंवा कोर्टात तिला सारखं न्यावं लागू नये म्हणून. चांगल्या हेतूनंच केली असेल. तुम्ही तिला सांभाळता, औषधपाणी बघता, ते मी नाकारत नाही. पण वाटणीच्या टेबलावर तिचं हित आणि तुमचं हित एक नाही. तुम्हाला कुळागर हवंय. तिला काय हवंय ते तुम्हाला माहीत नाही. तिच्या वतीनं तुम्ही बोललात की दोन खुर्च्यांवर तुम्ही एकट्याच बसता, आणि समोर बसलेल्या दादाला तेच दिसत असतं. "आईला पुढं करून ही सगळं घेणार" हे तो घरी जाऊन बोलत नसेल असं समजू नका.

आणि तुम्हाला कसली धास्ती वाटते तेही मला दिसतंय. आई आत आली, तिला बोलू दिलं, तर ती दादाची बाजू घेईल. आजवर तिचा कल मुलग्यांकडे राहिला असेल, असेलही. म्हणून ती बाहेर बरी.

बरं, धरून चालू की घेतली तिनं दादाची बाजू. मग काय होईल? गोव्याच्या कायद्यानं मुलं असताना कुणालाही आपलं सगळं एकालाच देऊन टाकता येत नाही. स्वतःच्या मालमत्तेतला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, त्याला मृत्युपत्रानंही हात लावता येत नाही. हवं तसं देता येतं ते उरलेलं निम्मं. म्हणजे आईच्या अर्ध्यातलं अर्धं, सगळ्याचा पाव भाग. तो तिनं पुरताच्या पुरता दादाच्या पदरात घातला, तरी तिच्या पश्चात तुमच्या वाट्याला बाबांकडचा सहावा आणि आईकडचा बारावा, मिळून सगळ्याचा चौथा भाग येतोच. तिनं काहीच केलं नाही तर येईल तिसरा. तिसरा आणि चौथा यात फरक आहे एका बाराव्या हिश्शाचा. त्या बाराव्या हिश्शाला घाबरून तुम्ही आईला दोन तास बाकावर बसवलंत.

मला राग येतोय, तो लपवत नाही.

तुमचे वकील टाइमपास म्हणतात ते या एका बैठकीपुरतं खरंच आहे. जिच्याशी बोलायला हवं तीच खोलीत नसेल तर मध्यस्थ तरी काय करणार? पण म्हणून मीडिएशनच टाकाऊ हे मी ऐकून घेणार नाही. कोर्टानं दावा असा बाहेर सोपवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये २००२ पासून आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं ॲफकॉन्स कंपनीच्या खटल्यात कुठले दावे तिकडे पाठवण्याजोगे हे मोजून सांगितलं, त्यात घरच्यांमधली वाटणी आहे, नवराबायकोचे वाद आहेत, मुलांचा ताबा आहे. ज्या माणसांना निकालानंतरही एकमेकांच्या बाराव्या-तेराव्याला जायचंय त्यांच्यासाठीच ते आहे.

आणि इन्व्हेंटरी शेवटपर्यंत गेली तर काय होतं ते वकिलांना विचारलंत का? यादी होते, किंमत लागते, आणि जमलं नाही तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे. तुमच्या पगारात तुम्ही किती बोलणार? दादा किती बोलणार? माझा अंदाज सांगू? बोटीवरचा धाकटा दोघांच्या वर बोलेल, घर आणि कुळागर दोन्ही घेईल, आणि कुलूप लावून पुन्हा बोटीवर जाईल. त्या बोलीत आईनं काय सांगायचं? बोलीला फक्त रक्कम कळते. विहिरीकडची खोली मरेपर्यंत मला असू दे, चवथीचा गणपती याच घरात बसू दे, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळी सगळ्यांनी मिळून बांधा, एवढ्या फणसाच्या झाडाला कुणी हात लावू नका, हे कुठल्या रकान्यात भरायचं? न्यायाधीश असला हुकूम सहसा देऊ शकत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या समझोत्यात मात्र हे सगळं येऊ शकतं. हयातभर राहण्याचा हक्क येऊ शकतो, कुळागराच्या उत्पन्नातून तिला दरमहा काय द्यायचं ते येऊ शकतं, स्लॅबचा खर्च कुणाच्या हिश्शातून वजा करायचा तेही येऊ शकतं. सगळ्यांच्या सह्या झाल्या की तो कागद कोर्टापुढं जातो, कोर्ट त्याप्रमाणे हुकूम करतं, मग तो नुसता घरगुती कागद राहत नाही. नाहीच जमलं तर मध्यस्थ कोर्टाला एवढंच कळवतो की समझोता झाला नाही. आत कोण काय बोललं ते कोर्टात येत नाही. म्हणजे दादानं तिथं काही कबूल केलं, तुम्ही चार पावलं मागं आलात, तर ते उद्या तुमच्यावर कुणी उलटवू शकत नाही.

मध्यस्थाला निकाल द्यायचा अधिकार नसतो. लोकांना ही त्याची उणीव वाटते, मला तीच त्याची सोय वाटते. तो प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलू शकतो, दार लावून. तिथं साक्षीचा पिंजरा नाही, इंग्रजीची सक्ती नाही. आईला कोंकणीत बोलायचं असेल तर कोंकणीत बोलेल. मुलगी शेजारी नाही, मुलगा समोर नाही, अशा खोलीत तिला कुणीतरी विचारेल, "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न तिला बाबा गेल्यापासून कुणी विचारला असेल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. त्याआधीही विचारला होता की नाही, कुणास ठाऊक.

तेव्हा मीडिएशनला जायचं, आणि आईला घेऊन जायचं. त्याआधी एक काम करा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं आईला घेऊन जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. आईला तिचा स्वतःचा वकील मिळू दे. तुमचा नको, तुमच्या वकिलांचा ज्युनियरही नको. तो इन्व्हेंटरीचे कागद तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवेल, आणि यापुढं या प्रकरणात ती स्वतः हजर राहणार, पॉवरवर नाही, हे कोर्टात लेखी देईल. मग बैठकीच्या दिवशी मध्यस्थांना विनंती करा की पहिल्यांदा तिच्याशी एकटीशी बोला. तोवर तुम्ही बाहेर थांबा. वाटेत गाडीत तिला पढवू नका. बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" असं विचारू नका. ती जे सांगेल ते मध्यस्थ टेबलावर मांडेल तेवढंच तुम्हाला कळेल, आणि त्यानंतरच तुमचं कुळागर.

दादाचा स्लॅब, सुपारीचे पैसे, पाच वर्षांचा हिशेब हे सगळं त्याच्यामागून. दादा चुकलाच आहे, आईच्या निम्म्या घरावर आईला न विचारता हातोडा घालणारा माणूस चुकलाच. पण तक्रार करायची झाली तर ती आधी आईची आहे. तिला करू द्या.

राहिली तुमची ता. क. वहिनींना आत येऊ द्यायचं का? म्हणजे काय ताई, त्यांना बोलवायलाच हवं. वर सांगितलेला अर्ध्या-अर्ध्याचा नियम त्यांनाही लागू आहे. दादाच्या हिश्शात त्यांचा वाटा आहे, समझोत्यावर त्यांची सही लागणार, आणि आज दाराबाहेर ठेवलेली बाई उद्या सहीला नाही म्हणाली तर सगळं मुसळ केरात. धाकट्याचं लग्न झालं असेल तर त्याच्या बायकोलाही बोलवा. आणि तुमच्या मिस्टरांना त्या दिवशी रजा घ्यायला सांगा, सही त्यांचीही लागेल.