फेरी फुकट म्हणून सांगू नका

तुमचा प्रश्न असा: बेळगाव-खानापूर भागात होमस्टे, फार्महाऊसवर उतरणाऱ्या पर्यटकांना किराणा जागेवर पोचवायचा धंदा सुरू करायचा आहे, भांडवल किती लागेल आणि अ‍ॅप बनवून घ्यावं का?

अ‍ॅप नको. भांडवलाचं शेवटी सांगते. खाली तुम्ही लिहिलंय, 'सुरुवातीला डिलिव्हरी फ्री ठेवायचा विचार आहे.' ते वाचून माझं टाळकं फिरलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आमचं खानापुरात किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता आमचे मालक आणि धाकटे भाऊजी बघतात. जांबोटी-कणकुंबीकडं बंगले वाढायला लागले तेव्हा तिकडं सामान पोचवायची कल्पना माझी. भाऊजींचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद: "वहिनी, आणून द्यायचे पैसे कोण देतंय? गिऱ्हाईक तुटंल." मी म्हणायची, तुटायला ते आपलं आहे कुठं? दोन दिवस आलंय, परत कधी येईल देवाला ठाऊक. गल्लीतलं गिऱ्हाईक बारा महिने येतं, त्याचे लाड परवडतात.

जुलैतला शनिवार होता. संध्याकाळी सहाला जांबोटीच्या पुढच्या एका बंगल्यावरून यादी आली. अकरा जण, बेंगळूरचे. सोना मसूरी तीन किलो, पनीर, अंड्यांचा ट्रे, नंदिनी दुधाच्या सहा पिशव्या, लोणी, तेल, मॅगी, कांदे-टोमॅटो, ब्रेड. बिल झालं 1,860. मालक माल भरायला बेळगावात रविवार पेठेत, गाडीवरचा पोरगा तापानं झोपलेला. म्हटलं, "मीच जाऊन येतो." (आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

ओम्नी काढली. जांबोटी सोडल्यावर रस्त्यात झाड आडवं. पुढं एक बस, दोन जीपगाड्या, आणि पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखा. मोबाईलची रेंज कधीच गेलेली. गावातली माणसं कोयते, कुऱ्हाडी घेऊन आली, पण फांद्या तोडून एका गाडीपुरती वाट व्हायला दीड तास गेला. अंड्यांचा ट्रे तेवढा वेळ मी मांडीवर धरून बसले होते, कारण मागच्या सीटवर टपावरून पाणी गळत होतं.

बंगल्यावर पोचले तेव्हा साडेनऊ वाजलेले. लाईट नव्हती. स्वयंपाकघरात चकचकीत इंडक्शन, गॅसची शेगडी होती पण सिलिंडर रिकामा, आणि कामावरचा गडी संध्याकाळीच घरी गेलेला. अकरा माणसं मोबाईलच्या उजेडात वेफर्स खात बसलेली. मी आणलेल्या सामानाचं ते काय करणार? काडीपेटीसुद्धा नव्हती, कारण यादीत काडीपेटी कुणी लिहीतच नाही.

तसंच सोडून येववेना. त्यांच्यातल्या दोघांना घेऊन बॅटरीच्या उजेडात गड्याचं घर शोधलं. त्याच्या बायकोची चूल विझायला आली होती, ती तिनं परत पेटवली. त्यांचेच तांदूळ, त्यांचीच अंडी, तिच्या घरची आमटी. सोप्यात पंगत बसली. सोना मसूरी चुलीवर जरा आसट झाली, पण एकानंही तक्रार केली नाही.

मग हिशेब. मी 1,860 अधिक गाडीचे दीडशे सांगितले. त्यातल्या एकानं निवांत मोबाईल पुढं केला. आमच्या दुकानाच्या नंबरावरूनच मेसेज गेला होता, 'फ्री डिलिव्हरी सर', खाली अंगठा. भाऊजींचा. मी गप्प. 1,860 रोख मोजून घेतले. आणि त्याच माणसानं, माझ्यासमोर, गड्याच्या बायकोच्या हातात पाचशेची नोट ठेवली. तिनं मागितलीही नव्हती. 'थँक्यू अक्का, थँक्यू अक्का' म्हणून दोनदा हात जोडले.

म्हणजे माणसं कंजूष नव्हती. तिला कुणी फुकट म्हणून सांगितलं नव्हतं, एवढाच फरक.

आता आकडे बघा. पॅकिंगच्या मालात आम्हाला आठ-दहा टक्के सुटतात, म्हणजे 1,860 वर पावणेदोनशेच्या आसपास. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, ओम्नीला घाटवळणात लिटरमागं तेरा-चौदा पडतं, पेट्रोल साडेचारशेचं. माझे सहा तास धरूच नका, भाऊजींनीही धरले नाहीत. रात्री बाराला घरी आले तर म्हणतात, "गिऱ्हाईक खूश झालं न्हवं?" पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खूश झालेल्या गिऱ्हाईकानं चांगला रिव्ह्यू बंगल्याला लिहिला. दुकानाचं नाव त्यात कुठंही नाही.

तर, धंदा किराण्याचा नाही, फेरीचा आहे. पॅकिंगच्या मालावर छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही, तो गुन्हा आहे. त्यामुळं गाडीभाडं बिलात वेगळं दाखवायचं, अंतराप्रमाणं, आणि यादी येण्याआधी सांगून टाकायचं. आम्ही आता जांबोटीपर्यंत दीडशे, पुढं कणकुंबीपर्यंत अडीचशे घेतो. दुपारी दोननंतर आलेली यादी दुसऱ्या दिवशी. पैसे आधी, कारण तिकडं रेंज नसली की कसलं यूपीआय आणि कसलं काय. नाही म्हणणारे नाही म्हणतात. म्हणू देत.

अ‍ॅपवर घालायचे पैसे बंगल्याच्या गड्यावर घाला. सिलिंडर भरलेला आहे का, फ्रीज चालतो का, किती माणसं उतरलीत, हे त्यालाच माहीत. महिन्याला त्याच्या घरचं तेल-साखर आमच्याकडून जातं. भाऊजी याला लाच म्हणतात. म्हणोत.

पाहुणा कुठला त्यावर माल ठरतो. बेंगळूरवाल्याला सोना मसूरी, गोव्याहून चोर्ला घाट चढून येणाऱ्याला उकडा तांदूळ आणि पाव, पुण्याच्याला इंद्रायणी. हुबळी-धारवाडची मंडळी कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी घरूनच आणतात, त्यांना फक्त दूध-दही लागतं. काडीपेटी, मेणबत्ती, मीठ मी न विचारता पिशवीत टाकते. परत जाताना मात्र हे सगळे एकसारखे: कुंदा पाहिजे, येळ्ळूरचा बासमती पाहिजे, हिवाळ्यात रताळी. सुट्या मालात पंधरा टक्क्यांपर्यंत सुटतं आणि त्याची वेगळी फेरीही नाही, जाताना ते स्वतः दुकानावर थांबतात. खरी कमाई तिथं.

सरहद्दीचं एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. आपल्याला चंदगड म्हणजे शेजारचा तालुका, आंबोली म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत. जीएसटीला ते परराज्य, कारण आपण कर्नाटकात आणि ते महाराष्ट्रात. कंपोझिशन, म्हणजे छोट्या दुकानदारांनी उलाढालीवर ठराविक टक्के कर भरायची सोय, घेतलं असेल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. आणि उलाढाल 40 लाखांच्या आत म्हणून नोंदणीच केली नसेल, तर करपात्र माल पलीकडं पोचवताना ती सवलतही लागू नाही. चंदगडचा माणूस दुकानात येऊन घेऊन गेला तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही गाडी घेऊन गेलात की ती आंतरराज्य विक्री. आमचे सोयरे निम्मे पलीकडचे, पण तिकडच्या होमस्टेची ऑर्डर मी घेत नाही. सीएला विचारून मगच काय ते ठरवा. अन्न परवान्याची नोंदणी लागतेच. आणि 'येताना गोव्याची बाटली आणा' म्हणणारे दर आठवड्याला भेटतील. हसून नाही म्हणायचं. एका बाटलीपायी गाडी अडकली की सीझन गेला.

भाऊजींची बाजूही सांगते, नाहीतर म्हणतील वहिनी एकतर्फी लिहिते. खुद्द बेळगावात, टिळकवाडी-शहापूर असं चार किलोमीटरच्या आत पोचवायचं असेल, तर फुकट परवडेल. तिथं मोठ्या कंपन्यांशी गाठ आहे, ते वेगळं. निपाणी, गोकाककडचं मला सांगता येणार नाही. आमच्याकडंही जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर सोडला तर आठवड्याला चार-पाचच फेऱ्या होतात. दुकान मुळात होतं म्हणून निभावलं, नुसत्या फेऱ्यांवर घर चाललं नसतं.

हां, भांडवल. दुकान आणि ओम्नी असेल तर फार नाही. पहिल्या महिन्याच्या मालाला वीस-पंचवीस हजार, दूध-पनीरला थर्माकोलच्या दोन पेट्या, चांगली बॅटरी, टपावर ताडपत्री. आणि सीटखाली एक कोयता ठेवा. जांबोटीच्या पुढं जून लागला की तो लागतोच.