पंधरा वर्षं विंडोज वापरलंय, आता पहिला लिनक्स डिस्ट्रो कोणता घेऊ?

लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. घाईत असाल तर एवढंच पुरे.

पण तुम्ही लिहिलंय की विंडोज १० चे अपडेट थांबले, लॅपटॉप ११ ला पात्र नाही, आणि उबुंटू-फेडोरा-आर्च या डिस्ट्रोंच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार बांधलेल्या सिस्टिम) तुलना वाचून डोकं गरगरतंय. माझंही असंच झालं होतं. पहिल्या दोन महिन्यांत मी पाच डिस्ट्रो बदलले आणि बऱ्याच उशिरा लक्षात आलं की बदलत होतं ते मुख्यतः वरचं रूप. फायरफॉक्स तोच, लिबरऑफिस तेच, कर्नलही (सिस्टिमचा गाभा) तोच, फार तर थोडा जुना-नवा.

रोज तुमची गाठ पडणार ती डेस्कटॉपशी, म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या, मेनू, खिडक्यांशी. सिनॅमन हा असाच एक डेस्कटॉप. त्यात खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. पंधरा वर्षांची हाताची सवय तशीच चालते. उबुंटूची पट्टी डाव्या कडेला उभी असते, आणि फेडोराच्या नोम डेस्कटॉपमध्ये तर खिडकीवर मिनिमाइझचं बटणच नसतं (सेटिंगमधून आणता येतं, पण पहिल्याच दिवशी कोण शोधत बसणार?). केडीई प्लाझ्मा हा आणखी एक डेस्कटॉपही विंडोजसारखा वाटतो. फक्त त्यात इतक्या सेटिंग्ज आहेत की माझ्यासारखा माणूस काम सोडून त्याच खेळत बसतो.

डिस्ट्रोमधला खरा फरक अपडेटचा. मिंट उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे, त्यामुळे मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण १३ महिने. आर्चमध्ये आवृत्ती असा प्रकारच नाही, नवं येईल तसं येत राहतं. आर्च वाईट नाही, त्याचा विकी तर मी मिंटवर बसूनही वाचतो. पण सुरुवात तिथून नको.

डिस्ट्रोआधी एक काम करा: रोज लागणारे प्रोग्रॅम कागदावर लिहा. फोटोशॉप आणि डेस्कटॉपवरचा एमएस ऑफिस लिनक्ससाठी निघतच नाहीत. वाइन नावाचं साधन वापरून काही विंडोज प्रोग्रॅम चालतात, पण पोट ज्यावर आहे ते त्याच्या भरवशावर टाकू नका. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ खेळ प्रोटॉन या तशाच साधनामुळे चालतात, व्हॅलोरंट हा खेळ मात्र त्याच्या अँटी-चीटमुळे (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) चालत नाही. यादीत असं काही अडलं तर विंडोज शेजारी राहू द्या.

मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, सगळं तपासा. वेगावरून मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून ते रेंगाळणारच.

इन्स्टॉल करताना विंडोजची 'नेक्स्ट, नेक्स्ट' ही सवय घात करते. मी असंच दाबत गेलो, पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला गेला आणि फोटोंचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) गेलं. चूक सर्वस्वी माझी. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा. विंडोज ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही.

मिंट बसलं की पहिल्यांदा टाइमशिफ्ट लावा. अपडेटने काही बिघडलं तर कालची सिस्टिम परत आणता येते. तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र वेगळाच घ्यायचा. आणि प्रोग्रॅम हवा असला की वेबसाइटवर सेटअप फाइल शोधायची नाही, आधी सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा. मला ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर विंडोजमधलं घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. टर्मिनलमधल्या एका कमांडने ते जुळतं.