बाईक फटीतून काढायची की गाडीमागे थांबायचं?

मागच्या अंकात ट्रॅफिकमधे हाफ क्लचवर गाडी कशी चालवायची ते लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी क्लचबद्दल नाहीतच, सगळ्यांचा विषय एकच, की हळू चाललेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून बाईक काढणं बरोबर का चूक. बाईकवाले चिडलेत, कारवाले त्याहून जास्त चिडलेत. म्हणून या वेळी सगळा कॉलम यालाच.

प्रश्न : मी कार चालवतो. आम्ही रांगेत निमूट बसायचं आणि बाईकवाल्यांनी आरशाला ठोकर मारून पुढे जायचं, हा कुठला न्याय? जगात कुठे कायदेशीर आहे का हे?

राग कळतो. आरशाला धक्का मारून मागे वळूनही न बघणारा बाईकवाला माझ्याही डोक्यात जातो. पण तो धक्का मारतो हा एक मुद्दा आणि तो पुढे जातो हा दुसरा, आणि त्या दुसऱ्यात तुमचं काहीच जात नाही हो. बाईक पुढे गेली की आपला नंबर गेला असं वाटतं, पण तीच बाईक नियमाने रांगेत तुमच्या पुढे उभी राहिली असती तर तिने जवळपास एका कारची जागा अडवली असती. बेल्जियममधे ल्यूवेन ते ब्रसेल्स या मोटरवेवर २०११ मधे एक अभ्यास झाला, त्यात असं निघालं की १० टक्के कारवाले बाईकवर आले तर सगळ्यांचाच, म्हणजे उरलेल्या कारवाल्यांचाही धरून, जॅममधे वाया जाणारा वेळ ४० टक्क्यांनी कमी होतो. हे कॉम्प्युटर मॉडेल आहे, रस्त्यावर उभं राहून घड्याळ लावून मोजलेलं नाही, तेव्हा ४० हा आकडा घोकून ठेवू नका, पण दिशा पटण्यासारखी आहे.

कायद्याचं म्हणाल तर जागोजागी वेगळं. ब्रिटनमधे चालतं, तिथल्या हायवे कोडचा, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकाचा, ८८ वा नियम एवढंच सांगतो की जपून आणि स्पीड कमी ठेवून. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं लोक करत होते आणि पोलिस अडवत नव्हते, कायदा २०१६ ला पास झाला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला, अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. तिथल्याच युटा राज्याने २०१९ ला परवानगी दिली पण फक्त उभ्या गाड्यांच्या मधून आणि ताशी १५ मैल म्हणजे साधारण २४ किमीच्या आतच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १ जुलै २०१४ पासून परवानगी दिली पण ३० किमीची मर्यादा घातली आणि शिकाऊ लायसनवाल्यांना यातून सरळ वगळलं, मला हा सगळ्यात शहाणा नियम वाटतो. फ्रान्सने २०१६ पासून काही भागांत ट्रायल घेतली, मधे थांबवली, परत चालू केली आणि शेवटी जानेवारी २०२५ मधे नियमात घातलं, जास्तीत जास्त ५० किमी, आणि तेही सगळ्यात फास्ट लेन आणि तिच्या शेजारची लेन या दोघींच्या मधूनच. जर्मनीत मात्र अजून चालत नाही. तेव्हा गाडी जिथे चालवता तिथला नियम आधी बघा.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, दीडशे सीसीची बाईक आहे. गॅप मोठी असेल तर स्पीड कितीही असला तरी काय फरक पडतो असं माझे मित्र म्हणतात. खरंय का?

नाही रे बाबा. याच एका गैरसमजापायी सगळ्यात जास्त पोरं पडतात म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळू नकोस.

गॅप तुला दिसते, ती कायम राहील हे तू गृहीत धरतोस. पण ती काही भिंतींमधली फट नाही, तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलीत आणि ती कंटाळलेली आहेत. आता गणित कर. रांग २० ने चाललीय आणि तू ४५ ने, म्हणजे तुमच्यातला फरक २५ किमी, सेकंदाला ७ मीटर. कारवाल्याला शेजारची लेन जरा पुढे सरकताना दिसली, त्याने आरशात बघितलं, ठरवलं आणि स्टेअरिंग वळवलं, यात दोनेक सेकंद गेले असं धर. म्हणजे त्याने आरशात बघितलं तेव्हा तू त्याच्यापासून १४ मीटर मागे होतास, दोनतीन कार मागे. नीट बघणारा असेल तर तू त्याला दिसतोस. आता तोच तू ७० ने जातोयस असं समज, फरक ५०, म्हणजे त्याने बघितलं तेव्हा तू २८ मीटर मागे होतास, मधे पाचसहा गाड्या, त्यांचे आरसे, एखादी उंच व्हॅन. तू त्याच्या आरशात नव्हतासच! तो शपथेवर सांगेल की मी बघितलं होतं, कोणी नव्हतं, आणि तो खोटं बोलत नसेल. तुला वाटेल आंधळा आहे का हा. तो आंधळा नाही, तू त्याला दिसायला वेळच दिला नाहीस.

म्हणून गॅप किती रुंद आहे याच्या आधी फरक किती आहे ते बघायचं. कॅलिफोर्निया हायवे पोलिसांनी २०१३ मधे काढलेल्या सूचनांत फरक ताशी १० मैलांपेक्षा, म्हणजे १६ किमीपेक्षा जास्त नको असं होतं, आणि ट्रॅफिकच ताशी ३० मैलांनी म्हणजे ४८ किमीने चालला असेल तर मधून काढूच नका असं. पुढे त्या सूचना मागे घेतल्या गेल्या, कायदा केल्याशिवाय पोलिसांनीच नियम कसे काढले अशी तक्रार झाली म्हणून, पण सल्ला म्हणून आजही सोन्यासारखा आहे. मी स्वतः यापलीकडे जात नाही. रांगेने पळायला सुरुवात केली की गप्प लेनमधे शिरायचं आणि कारसारखं चालायचं.

ब्रेकचंही बघ. उभ्या रांगेतून २५ ने जाताना समोर दार उघडलं किंवा माणूस आला तर कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ७ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून तीनसाडेतीन, झाले दहा-अकरा. ५० ने असलास तर हेच २८ मीटरवर जातं. स्पीड दुप्पट, अंतर जवळपास तिप्पट. पावसात तर विचारूच नको, लेनचा पांढरा पट्टा ओला झाला की साबण लावल्यासारखा होतो आणि तू नेमका त्यावरच असतोस.

डोळे कुठे ठेवायचे हेही सांगतो. इंडिकेटरवर विसंबू नकोस, लावणारे लावतात, बाकीचे वळून झाल्यावर लावतात. कारचं पुढचं चाक बघ. गाडी हलायच्या आधी चाक वळतं, आणि टायरची बाजू जरा जास्त दिसायला लागली की ती गाडी तुझ्याकडे येणार. दुसरं म्हणजे शेजारच्या रांगेत एका गाडीएवढी मोकळी जागा दिसली की तिच्या आजूबाजूच्या सगळ्या गाड्या संशयित, कोणीतरी तिथे घुसणारच. तिसरं, ड्रायव्हरचं डोकं. मान वळली, खांदा हलला, की थ्रॉटल सोड. दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर कायम.

प्रश्न : नवऱ्याचं म्हणणं आहे की गाडीमागे रांगेत उभं राहणं हेच सगळ्यात सेफ. मला वाटतं मागून कोणी ठोकलं तर? कोण बरोबर?

ताई, दोघंही थोडे थोडे. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या युनिव्हर्सिटीने २०१५ मधे अभ्यास छापला, अपघात झालेल्या ५,९६९ बाईकस्वारांचा, त्यातले ९९७ अपघाताच्या वेळी रांगांमधून जात होते. मधून जाणाऱ्यांना मागून ठोकलं जाण्याचं प्रमाण २.६ टक्के आणि बाकीच्यांचं ४.६, म्हणजे तुमची भीती खोटी नाही. डोक्याला मार ९ टक्क्यांना, बाकीच्यांत १७. पण त्याच अभ्यासात मधून जाणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी स्वतःच पुढच्या गाडीला मागून धडक दिली होती, बाकीच्यांत ते १६ च्या आसपास होतं. हे कोणी सांगत नाही, मधून काढायच्या बाजूचे लोक पहिले आकडे सांगतात आणि इथे गप्प बसतात. शिवाय हे सगळे अपघात झालेलेच लोक आहेत, मधून गेल्याने अपघात व्हायची शक्यता वाढते की घटते हे त्यावरून कळत नाही, झालाच तर मार किती लागला एवढंच कळतं. आणि मधून जाणारे बरेचसे रोज कामावर जाणारे, चांगलं हेल्मेट घालणारे होते, त्याचाही हात असणार त्यात.

रांगेत थांबायचंच असेल तर पुढच्या कारच्या अगदी मधोमध मागे चिकटून थांबू नका. थोडं एका कडेला, गिअरमधे, पुढे दीडदोन मीटर जागा ठेवून, आणि मागची गाडी पूर्ण थांबेपर्यंत नजर आरशात. ब्रेक लाईट दोनतीनदा लुकलुकवली तर मागच्याला कळतं. मागचा थांबत नाहीये असं दिसलं तर ती कडेची फट तुमची सुटकेची वाट.

प्रश्न : मुलगा धाकट्या बहिणीला मागे बसवून गाड्यांच्या मधून जातो. त्याला कसं समजावू?

समजावू नका, बंद करा. दोघं असताना बाईक उशिरा थांबते, हळू स्पीडला डुगडुगते आणि मागच्याचे गुडघे बाहेर येतात, जे चालवणाऱ्याला दिसत नाहीत.

प्रश्न : माझ्या टूरिंग बाईकला दोन्ही बाजूंना बॉक्स आहेत. कुठल्या गॅपमधून जाता येईल याचा काही अंदाज?

लेन साडेतीन मीटरची धरा आणि कार १.८ ची. दोन्ही कार आपापल्या लेनच्या मधोमध असतील तर मधे १.७ मीटर उरतात, आरसे वजा केले की दीड. साध्या बाईकचं हॅन्डल पाऊण मीटरच्या आसपास असतं, बॉक्स लावले की एकूण रुंदी एक मीटरपर्यंत जाते, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव पाव मीटर, तेही कोणी रेषेकडे सरकलेलं नसेल तर. मला हे कमीच वाटतं. आणि लक्षात ठेवा, बॉक्स तुमच्या मागे असतात, पुढचं हॅन्डल निघालं म्हणून सगळी बाईक निघाली असं नसतं. ट्रक आणि बस अडीच मीटरच्या, दोन ट्रकच्या मधे एक मीटर, आरसे धरले तर हॅन्डलही मावायची मारामार. तिथे जायचंच नाही. ट्रक आणि फूटपाथच्या मधे तर मुळीच नाही, ट्रक वळला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नसता.

प्रश्न : मी कारवाला आहे पण मला बाईकवाल्यांना जागा द्यायला आवडतं. नेमकं काय करावं?

असे पण आहेत तर! लेनमधे स्थिर राहा, सरकायचं तर हळू सरका, बाईक अगदी बाजूला आल्यावर दचकून स्टेअरिंग ओढू नका. दार उघडायच्या आधी आरसा बघा, मुलांना पण सांगा.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि ती बहुतेक भले लोकच करतात. रांगेत थांबून गल्लीतून येणाऱ्या गाडीला हात करून 'ये ये' म्हणायचं. तुमच्या शेजारून बाईक येतेय हे त्या गाडीला दिसत नसतं. इंग्लंडमधे १९६६ चा एक खटला अगदी असाच आहे, दुधाच्या टँकरने थांबून एका कारला वाट दिली, कार बाहेर आली आणि रांगेच्या बाजूने पुढे जाणारा बाईकवाला तिच्यावर आदळला. कोर्टाने ८० टक्के दोष बाईकवाल्याचा धरला. पण २००६ च्या दुसऱ्या खटल्यात रांगेतल्या कारने अचानक यू टर्न मारला तेव्हा सगळा दोष कारवाल्याचा ठरला, कारण त्याने वळवलं तेव्हा बाईक इतकी जवळ होती की ती हळू असती तरी वाचली नसती. बाईकवाल्यांनो, तुम्ही पण वाचताय ना, रांगेत अचानक मोकळी जागा आणि शेजारी गल्ली दिसली तर तिथून कोणीतरी येतंय असंच समजा.

प्रश्न : एअर कूल्ड इंजिन आहे, जॅममधे फार तापतं. म्हणून मधून काढावीच लागते, नाही का?

तापतं हे खरं, त्याला हवा चालतानाच मिळते. पण थांबलेल्या रांगेत इंजिन बंद करता येतं की, तापलं म्हणून घाईने घुसायची गरज नाही. लिक्विड कूल्डवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं इंजिन रेडिएटरमधल्या पाण्याने थंड होतं त्यांनी, पंख्याचा आवाज आला म्हणून घाबरू नये, तो त्यासाठीच आहे. पंखा चालू असूनही टेंपरेचरची लाईट लागली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.