दहा वर्षं काढली की परमनंट, असं कुठेही लिहिलेलं नाही

प्रश्न: माझी मुलगी जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) आहे, परभणी जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी स्टाफ नर्स, लहान बाळांच्या आयसीयूत. 4 वर्षं झाली, पगार 20 हजार. नाइट करून येते, दुपारपर्यंत झोपते, पुस्तक हातात घेत नाही. म्हणते समाधान नाही, सोडते. समाधान काय नोकरीत बघायचं असतं का? 10 वर्षं झाली की परमनंट करायचा जीआर आलाय. तिला समजवा. (एक वडील)

दादा, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या समाधानाच्या वाक्यापाशीच अडकले. तिला नेमकं कशात समाधान नाही, हे विचारलंत का हो तुम्ही? पत्रात तरी कुठे दिसलं नाही. तिच्यासारखीच एक कंत्राटी सिस्टर मागे माझ्याकडे आली होती, अकराशे ग्रॅमचं बाळ महिनाभर सांभाळून आईच्या हातात दिलं ते सांगताना नुसती फुलली होती, आणि त्याच अर्ध्या तासात तिने चारदा मोबाइल बघितला, कारण मार्चअखेर होती आणि मुदतवाढीची ऑर्डर आली का हे ग्रुपवर सगळे एकमेकांना विचारत होते. कामावर तिचा जीव होता. पण दरवर्षी कराराची मुदत संपली की एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा हमीपत्र, आणि शेजारच्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर) तेच काम करणारी परमनंट सिस्टर 35,400 च्या बेसिकवर, वर डीए वेगळा. यात माणूस चिडणार नाही तर काय! तुमच्या लेकीचंही असंच असेल तर तिला नर्सिंगचा कंटाळा आलेला नाही, तिला रोज कमी लेखलं जातंय त्याचा त्रास होतोय. आता घरातही तेच ऐकायचं का तिने?

आता तो जीआर. 14 मार्च 2024 चा, तो खरा आहे, पण व्हॉट्सअॅपवर आला तसा नाही. ज्यांची 10 वर्षं पूर्ण झाली त्यांचं समकक्ष मंजूर पदांवर समायोजन, म्हणजे त्याच तोडीच्या पदावर सामावून घ्यायचं, तेही 30 टक्के जागांवर, बाकीच्या 70 टक्के सरळसेवेने, म्हणजे परीक्षा घेऊन थेट भरतीने. म्हणजे 10 वर्षं झाली की आपोआप ऑर्डर हातात, असं काही नाही, आधी जागा पाहिजे आणि त्या जागेसाठी तुमच्या लेकीच्या पुढे कितीतरी जुन्या सिस्टर उभ्या आहेत. याच जीआरची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं, यावरून समजा. आणि कोर्टाचं म्हणाल तर उमादेवी प्रकरणात 2006 मध्येच सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की कंत्राटावर कितीही वर्षं काढली तरी तेवढ्यावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. ती दरवर्षी सही करते त्या हमीपत्रात बहुतेक वेळा हेच असतं, की मी कायम करा अशी मागणी करणार नाही. एकदा तो कागद मागून घ्या आणि स्वतः वाचा. तुम्ही तिला आणखी 6 वर्षं थांबवणार, आणि तिकडे सरळसेवेचं वय निघून चाललंय, खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43.

परीक्षा तिला माहितीच असतील, डीएमईआर (सरकारी मेडिकल कॉलेजांची भरती), एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसरची परीक्षा), ईएसआयसी (कामगार विम्याची रुग्णालयं), रेल्वे.

माझं मत विचाराल तर आज तडकाफडकी राजीनामा नको, पण परमनंटच्या आशेवर बसणंही नको. 4 वर्षं नवजात बाळांच्या आयसीयूत काढलेली सिस्टर म्हणजे गंमत नाही, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि सगळ्या ऑर्डरच्या प्रती तिने आत्ताच ऑफिसातून घेऊन ठेवाव्यात, नंतर साहेब बदलले की कागद सापडत नाहीत. अभ्यासासाठी 6 महिने बिनपगारी लागले तर घरातून निभावून न्याल का, याचं उत्तर मात्र तुम्हाला द्यायचंय. तिला समजवायचं काम मी करणार नाही. तिला वाटलं तर तिने स्वतः लिहावं मला.

आणि नाइट करून आली की तिला झोपू द्या हो. दुपारपर्यंत झोपते असं तुम्ही लिहिलंय, अख्खी रात्र ती जागी होती हे नाही लिहिलं.