ब्रिटिश कंपनीचं महागडं डाइव्ह वॉच खरोखर ब्रिटिश असतं का?

तुम्ही ब्रेमाँट या ब्रिटिश कंपनीचं सुपरमरीन हे डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली वापरायचं घड्याळ, घ्यायच्या विचारात आहात, आणि ‘ब्रिटिश वारसा’ यात खरं किती, जाहिरात किती, असं विचारलंय. वारसा अस्सल आहे, पण जाहिरातीत दाखवतात तिथे तो फारसा सापडत नाही.

सुपरमरीन हे नाव स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीचं. ब्रेमाँट २००२ सालची, इंग्लंडमधल्या हेन्लीत तिनं २०२१ मध्ये मोठा कारखाना उघडला. पण सुपरमरीन मालिकेचं आतलं यंत्र मुख्यतः स्विस पायावरचं. क्रिस्टोफर वॉर्ड ही इंग्लंडमधल्या मेडनहेडची कंपनी तर आपली घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनतात हे उघड सांगते.

आता उलटा प्रकार बघा. ओमेगाचं सीमास्टर पक्कं स्विस, पण त्याच्या पोटात जॉर्ज डॅनियल्स या इंग्रजाची को-ॲक्सियल एस्केपमेंट आहे. एस्केपमेंट म्हणजे कमानीची ताकद एकदम सुटू न देता एकेक दात सोडत बॅलन्स व्हीलला, म्हणजे वेळेचा ठेका धरणाऱ्या डुलत्या चाकाला, पोचवणारा भाग. टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. डॅनियल्सनं ती १९७०च्या दशकात शोधली. घर्षण कमी, त्यामुळे तेलावरची भिस्त कमी. त्यानं स्विस कंपन्यांचे उंबरे झिजवल्यावर १९९९ मध्ये ओमेगानं ती बाजारात आणली. आणि बाकीच्या जवळपास सगळ्या मेकॅनिकल मनगटी घड्याळांत जी लिव्हर एस्केपमेंट असते, तिचं मूळ लंडनच्या थॉमस मज याच्याकडे, १७५०च्या दशकात!

मग ब्रिटनचा घड्याळांचा धंदा गेला कुठे? कॉव्हेंट्री आणि लंडनच्या क्लार्कनवेल भागातले कारागीर हातकामाला चिकटून राहिले, अमेरिकन आणि स्विस लोक यंत्रावर सुटे भाग पाडू लागले. रोलेक्सची सुरुवातही १९०५ साली लंडनमधली, नंतर बिऱ्हाड जिनिव्हाला. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीनं बरीच वर्षं तग धरला. १९५३ मध्ये हिलरी एव्हरेस्टवर गेले तेव्हा त्यांच्याकडे स्मिथ्सचं घड्याळ होतं. पुढे तिथलंही घड्याळांचं काम थांबलं.

डाइव्ह वॉचपुरतं बोलायचं तर ब्रिटनचा खरा वाटा गिऱ्हाईक म्हणून आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. रॉयल नेव्हीनं, म्हणजे ब्रिटिश नौदलानं, रोलेक्सकडून सबमरीनर ही डाइव्ह वॉच घेतली ती आपल्या अटींवर: पाण्याखाली चटकन ओळखू येतील असे रुंद, तलवारीच्या आकाराचे काटे, बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, साठही मिनिटांच्या खुणा, आणि पट्ट्याच्या दांड्या घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला कायमच्या जोडलेल्या, म्हणजे पिन निसटून घड्याळ समुद्रात जायला नको. १९८०च्या सुमारास हे काम सीडब्ल्यूसी या ब्रिटिश कंपनीकडे गेलं. तिचं घड्याळही स्विस बनावटीचंच, पण अटी त्याच. काही वर्षांत नौदलानं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घेतलं. डायव्हर्सना वेळ अचूक हवी होती, परंपरेचं त्यांना काय!

तेव्हा सुपरमरीन हातावर आवडलं तर जरूर घ्या, पण वारशापायी जास्तीचे पैसे मोजू नका. इतिहासाचीच हौस असेल तर सीडब्ल्यूसी किंवा को-ॲक्सियल सीमास्टर बघा. ५०० मीटर खोलीपर्यंत पाणी शिरत नाही, या आकड्यावरही भाळू नका. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटर. पैसे भरण्याआधी मात्र भारतात सर्व्हिसिंग कोण करतं आणि गॅस्केट (पाणी आत येऊ न देणारं रबरी कडं) बदलल्यावर प्रेशर टेस्ट करून देतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.